चंद्राच्या ओळी

उन्नतीचं लग्न झालं ते वर्ष दोन हजार सात. त्या साली अधिक महिन्यामुळे जेठ दोन आले, म्हणून भिवंडीजवळच्या वळ गावच्या भोईरांनी लग्न वैशाखातच उरकून घेतलं होतं. आणि आखाड लागल्यावर उन्नती पहिल्या माहेरपणाला आली तेव्हा दोन दिवसांनी तिच्यामागोमाग जावईही आला. भावेश त्याचं नाव. गोदामात सुपरवायझर, गळ्यात नवा कॅमेरा. रविवारी सकाळी भाकरी खाता खाता तो म्हणाला, "पावसात वसईचा किल्ला एकदम भारी दिसतो, मामा. जाऊ या का?" मनोजने, म्हणजे त्याच्या सासऱ्याने, घास तोंडातच धरला. सासू तुळजा नळाखाली धुतलेली वाटी पुन्हा धुऊ लागली. आणि ओटीवर बसलेली मनोजची आई ठमाबाई, कोणी तिला चल म्हटलं नसताना, उठली. तिने धुवट लुगडं नेसलं, आपली वही प्लास्टिकच्या पिशवीत दोनदा गुंडाळली, आणि सगळ्यांच्या आधी जाऊन टवेराच्या मधल्या सीटवर खिडकीशी बसली. वसईला तिची धाकटी बहीण चंद्रा राहत होती. नऊ वर्षं दोघींचं बोलणं नव्हतं. आज बोलायचं, असं ठमाबाईने ठरवलं होतं. गोड बोलायचं, असं मात्र नव्हे.

पाऊस चार दिवस धरून बसला होता. अंजूरफाट्याला फाटक पडलेलं, पुढे कंटेनरची रांग, मागे कंटेनरची रांग, आणि काचेवर पाणी असं उतरत होतं की पाट्या वाचता येईनात. पाटी दिसली की वाचायची, ही ठमाबाईची खोड. बावन्नाव्या वर्षी ती अक्षरं शिकली होती, साक्षरतेच्या वर्गात, जिल्हा परिषदेच्या शाळेत, मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन. आज पासष्टी जवळ आली तरी अक्षर दिसलं की तिचे ओठ हलत. पण तिला वेळ लागे, आणि गाडीला तेवढा दम नसतो. 'गोदाम भाड्याने' एवढ्यातलं 'गोदाम' हाती यायचं आणि 'भाड्याने' मागे राहायचं. अशी अर्धी अर्धी वाचलेली दुनिया तिला रोज चिडवत आली होती. खारबाव गेलं, कामण गेलं, चिंचोटीला हायवे ओलांडला. गाडीत उन्नतीची बडबड चालली होती, सासरच्या मिक्सरची, नणंदेची. ठमाबाईचं लक्ष नव्हतं. ती मनात वाक्यं जुळवत होती. पहिलं वाक्य ठरलेलं होतं: पोरीच्या लग्नाला यायला तुला पाय न्हवते का गो?

वसईत शिरल्यावर किल्ल्याच्या वाटेला बर्फाचा कारखाना लागतो. लांब पत्र्याचं छप्पर, दारात भुशाचा ढीग, भिंतीवर निळ्या रंगात 'बर्फ मिळेल'. त्याच्या अंगाने एक गल्ली खाली मिठागराकडे उतरते, आणि त्या गल्लीच्या शेवटाला चंद्राचं घर. नऊ वर्षांत ठमाबाई इकडे आली नव्हती, तरी लांबूनच भुशाचा ओला वास तिच्या नाकात शिरला. तिने पायांनी चाचपून चपला घातल्या. पिशवी मांडीवर घेतली. पदर डोक्यावरून नीट केला. आणि गाडी थांबली नाही. नुसती थांबली नाही असं नव्हे. मनोजने तिथे पाय किंचित जास्त दाबला, आणि कारखाना, भुसा, गल्ली, सगळं एका झटक्यात मागे गेलं. ठमाबाईचं डोकं सीटवर आपटलं. लागलं नाही. पण त्या एवढ्याशा हिसक्याने तिच्या आत काहीतरी जागेवरून हललं ते हललंच.

"मनोज, गल्ली मागं रायली."

"म्हाईत हाय, आय. आधी किल्ला बघू. येताना जाऊ."

एवढंच. पण उन्नतीची बडबड मध्येच तुटली होती. तुळजा पलीकडच्या खिडकीतून बघत होती, आणि त्या खिडकीत बघण्यासारखं एका भिंतीशिवाय काही नव्हतं. ठमाबाई मनोजच्या मानेकडे बघत राहिली. ही मान तिने तेल लावून धरायला शिकवली होती. ती मान आता ताठ झाली होती, शाळेत मार खाऊन आल्यावर घरी न सांगता जेवायला बसायचा तेव्हा व्हायची तशी. हा काहीतरी लपवतोय. चंद्राशी याचं बोलणं झालंय. तिनेच सांगितलं असेल, आक्काला माझ्या दारात आणू नको. म्हणजे अजून तिचा ताठा जात न्हाय! आणि माझ्या पोटचा पोरगा तिच्या ताठ्याला पाणी घालतोय! राग तिच्या कानांच्या पाळ्यांपर्यंत आला आणि तिथेच थांबून राहिला.

दोघी बहिणी धवलारणी. आगऱ्यांच्या लग्नात भटजी नंतर येतो; आधी धवलारीण लागते. हळद कुटण्यापासून ती पाटावर बसते आणि धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणत म्हणत एकेक विधी पार पाडते, देवांना बोलावते, पितरांना बोलावते, नवरीला अंघोळ घालते. ठमा आणि चंद्रा आपल्या आत्याच्या मागे बसून शिकल्या. आत्या कडक होती. एक ओळ चुकली की मुसळाचा ठोसा. तिचा एक नेम होता, आणि तो तिने दोघींना हातात मीठ देऊन सांगितला होता: आपल्या माणसाची माती पडली त्या दिवशी धवला तोंडातून काढायचा न्हाय. पितर आधी आपल्या माणसाकडं जातात, त्यांना मांडवात बोलवायचं न्हाय. आत्या गेली तेव्हा शेलार गावच्या पाटलाच्या घरची हळद दोघींनी अर्ध्यावर सोडली होती आणि पाटील शिव्या देत मागे धावला होता. ठमा ओळ टाकायची, चंद्रा ती झेलायची. टाकणारीचं नाव होतं, झेलणारी मागची म्हणायची. पण झेल नसला की धवला भुईला पडतो, हे दोघींनाही ठाऊक होतं. चंद्राचा आवाज खरबरीत, मिठागरावर उन्हात काम केलेल्या बाईचा. ठमाच्या गोड ओळीमागून तो आला की मांडवातल्या बाया कुटायच्या थांबायच्या.

हळद कुटीली, मुसल वाजलं, दारी कोन गो उभं?
मीच गो दारी, तुजी भैन मी, खारीच्या पान्यातून आले.

दुसरी ओळ चंद्राची. ती ठमाबाईने कधी म्हटली नव्हती. म्हणायची नसते, झेलणारीच्या ओळी झेलणारीच्याच. आणि भांडण त्यावरूनच झालं. ठमाबाई अक्षरं शिकली आणि तिच्या मनाने घेतलं की धवले लिहून काढायचे. शाळेची दोन रेघी वही आणली. महिनाभर खपून तिने आपल्या ओळी लिहिल्या, आणि मधे मधे चंद्राच्या ओळींची जागा मोकळी सोडली. मग वसईला येऊन म्हणाली, सांग, मी लिवते. चंद्राने वहीकडे बघितलं ते मेलेल्या मांजराकडे बघावं तसं. "लिवलास की तो कागदाचा झाला, आक्का. कागूद भिजतं." "तू मेल्यावर कोन झेलंल?" "तुजी वही झेलंल!" शेजारच्या बाया हसल्या. ठमाबाईला अक्षरांवरून हसलेलं खपत नसे. शिकायला गेली तेव्हा सगळा गाव हसला होता, म्हातारी आता बॅरिस्टर होते म्हणून; पण चंद्रा हसली नव्हती, ती त्या दिवशी हसली. ठमाबाई पान न खाता उठली ती उठलीच. नऊ वर्षं ती एकटी धवले म्हणत होती, आणि झेलायच्या जागी जमलेल्या बाया काहीबाही गुणगुणत. नऊ वर्षं वहीतल्या त्या ओळी कोऱ्या होत्या.

किल्ल्यात गाडी थांबली. भावेश उड्या मारत उतरला. "आजी, चला ना! असं वातावरण परत मिळणार नाही." वातावरण म्हणजे आडवा पाऊस, छत्री उलटी करणारा वारा, आणि समोर काळ्या दगडाची बिनछपराची देवळं, म्हणजे फिरंग्यांची चर्चं. भिंतींतून वडाची मुळं उतरलेली. खाडीवरून येणाऱ्या वाऱ्याला कुजक्या मासळीचा आणि चिखलाचा वास होता. खिडक्यांच्या कमानींतून समुद्र दिसत नव्हता, नुसता पांढरा अंधार दिसत होता. भावेश उन्नतीला एका कमानीखाली उभी करत होता. "हस ना! लग्नात तर किती हसत होतीस." उन्नती हसली नाही. ती आजीकडे बघत होती. ठमाबाईने ते पाहिलं आणि नजर दुसरीकडे नेली. सगळ्यांनी आज आपल्याकडे बघायचं आणि आपण बघितलं की तोंड फिरवायचं, असा काय खेळ चाललाय? तिला प्रत्येकाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. जावयाच्यासुद्धा.

पडक्या चर्चमध्ये जमिनीवर मोठ्या शिळा होत्या आणि त्यांच्यावर अक्षरं कोरलेली होती. पाणी अक्षरांत साचलं होतं. ठमाबाई वाकली. ओठ हलवून बघितले. एकही अक्षर ओळखीचं नव्हतं. तेरा वर्षांपूर्वी अख्खी दुनिया जशी होती, तशीच बंद. तिला संताप आला. कोणाचा, ते कळेना. "काय लिवलंय रे यावर?" तिने भावेशला विचारलं. त्याने कॅमेरा छातीशी धरून खाली बघितलं. "पोर्तुगीज हाय, आजी. थडगी हायत ही. काय असणार? कोण मेला आणि कधी मेला, एवढंच लिवतात." ठमाबाई पटकन बाजूला सरकली. ती कोणाच्या तरी छातीवर उभी होती. चारशे वर्षांपूर्वी मेलेला माणूस, पण त्याच्या माणसांनी कोण आणि कधी एवढं तरी दगडात कोरून ठेवलं होतं. कोणी लपवलं नव्हतं.

कोणी लपवलं नव्हतं. हे मनात आलं आणि तिथेच बसलं. ती शिळेकडे बघत राहिली, आणि मागून मनोज कोणाशी तरी मोबाइलवर बोलत होता, हळू, तोंडावर हात धरून. "न्हाय... न्हाय, आम्ही नाय येत तिकरं. पाऊस हाय." ठमाबाई वळली.

"कोन होता?"

"कोन न्हाय. ऑफिसचा."

"मनोज. चंद्राकडं कदी जायाचं?"

"आय, पाणी भरलंय तिकरं. गल्लीत कमरेइतकं पाणी असंल. पुढच्या रविवारी एकटे येऊ आपण."

"चंद्रा बोलली का, आक्काला आनू नको म्हनून?"

मनोज हो म्हणाला असता तर ती चिडली असती आणि गाडीत जाऊन बसली असती. तो लहानपणापासून तिला ओळखत होता, त्याला हो म्हणणं सोपं होतं. तो हो म्हणाला नाही. त्याने चेहऱ्यावरचं पाणी पुसलं, आणि पुसून झाल्यावरही हात चेहऱ्यावरच ठेवला. आणि ठमाबाईला एकदम हळदीच्या दिवसाचा मनोज दिसला. ऊन असं की मांडवाचं कापडी छत तापून वास मारत होता. सकाळी हळद कुटायला बसली तेव्हा हा बर्फ आणायला गेला. गेला तो गेलाच. जावयाकडची माणसं सरबत मागतायत आणि बर्फ नाही. पाच वाजता आला. बर्फाच्या लाद्या अर्ध्या वितळलेल्या, आणि याचे केस ओले, नीट विंचरलेले. सगळ्या बायांपुढे तिने त्याला झाडलं होतं: पोरीची हलद, आनि बाप मदेच अंघोल करून येतो! तेव्हाही त्याने असाच चेहऱ्यावर हात ठेवला होता. भिवंडीत पावलोपावली बर्फ मिळतो. बर्फाला आठ तास लागत नाहीत. आणि बर्फ आणून कोणी अंघोळ करत नाही. माणूस दिवसाउजेडी मधेच डोक्यावरून अंघोळ करतो तो एकाच ठिकाणाहून आल्यावर.

ठमाबाईने छत्री उघडली नाही. पिशवी छातीशी धरली आणि किल्ल्याच्या दरवाज्याकडे चालू लागली.

"आय! ओ आय! कुठं चाललीस? तुळजा, पकड तिला!" मनोजची हाक वाऱ्याने अर्धी नेली. डांबरावरून लाल पाणी उलट्या दिशेने वाहत होतं आणि तिच्या चपला प्रत्येक पावलाला फटफट वाजत होत्या. तिला रडू येत नव्हतं. तिला फक्त राग येत होता, आणि तो रागच तिला चालवत होता. तो थांबला असता तर ती रस्त्यातच बसली असती. न्हाय, तसं काय नसंल. चंद्राचा राघो आजारी असंल. मनोज त्याला इस्पितळात घेऊन गेला असंल. ओले केस म्हणजे घाम. घामाने केस विंचरले जात नाहीत. ती मनातल्या मनात स्वतःशीच भांडत चालली होती, आणि दोन्ही बाजूंनी हरत होती.

मागून छत्री तिच्या डोक्यावर आली. तुळजा धापा टाकत होती. "आई, थांबा. मी येते बरोबर."

"तू कशाला? जा नवऱ्याकडं."

"येते मी," तुळजा म्हणाली.

अडीच महिने ठमाबाई या सुनेला टोचून टोचून बोलत होती. कारण हिरवं लुगडं. उन्नतीच्या लग्नात चंद्राच्या मानाचं म्हणून ठमाबाईने स्वतः भिवंडीच्या बाजारातून एक हिरवं नऊवारी आणलं होतं, जरीच्या काठाचं, भांडण असलं तरी मान तो मान. अक्षता गेल्या होत्या, सुपारी गेली होती, चंद्रा येईल याची तिला खात्री होती. येईल, लुगडं घेईल, आणि पाटाच्या मागे बसून पहिली ओळ झेलेल. म्हणून तिने पहिली ओळ टाकून थांबून बघितलंही होतं. दारी कोन गो उभं? कोणी झेललं नाही. आणि लग्नानंतर बघते तर ट्रंकेत लुगडं नाही. तुळजा म्हणाली, मला नाही माहीत. मग ठमाबाई काय काय बोलली होती! आईला दिलंस, भैनीला दिलंस, तुमच्या घरची रीतच हात मारायची. तुळजा एक अक्षर उलट बोलली नव्हती. ती मुकाट ऐकून घेते म्हणजे चोर आहे, असंच ठमाबाईने धरलं होतं. आता त्या छत्रीखाली, सुनेचा दंड तिच्या दंडाला लागत असताना, तिने चालता चालता विचारलं, "हिरवं लुगडं कुठं हाय?"

तुळजाने छत्री आणखी तिच्या बाजूला झुकवली. ठमाबाईच्या जिभेवर पुढचा प्रश्न आला आणि तिने तो गिळला. बाई मेली की माहेरचं लुगडं लागतं. शेवटचं. माहेरचं अंगावर पडल्याशिवाय सवाष्ण बाईला उचलत नाहीत. आईबाप गेलेले, भाऊ नाही; चंद्राचं माहेर म्हणजे ठमाबाईच्या घरची ट्रंक.

गल्लीत कमरेइतकं पाणी नव्हतं. घोट्याइतकं होतं. भुसा तरंगत होता. राघो, चंद्राचा नवरा, दारात पोतं आडवं लावून पाणी अडवत बसला होता. मिठाने पायाची कातडी फाटून फाटून लाकडासारखी झालेला म्हातारा. त्याने मान वर केली आणि हातातलं पोतं सोडलं. पाणी उंबऱ्यावरून आत गेलं.

"आक्का? आत्ताच मनोजला फोन केल्ता मी, पाऊस लई हाय, शेतं बुडाली का म्हनून. तो वसईत हाय बोलला, पन येत नाय बोलला. मला वाटलं, तूच नको बोलली असशील." मग त्याचा आवाज चढला. "अडीच म्हैने झाले! दहाव्याला आली न्हाईस, तेराव्याला आली न्हाईस! कागदावरून भांडलात गो तुमी, कागदावरून! मेल्या मानसावर एवढा राग?"

ठमाबाई उंबऱ्यावर उभी राहिली. मागून तुळजा म्हणाली, "मामा, त्यांना माहीत नाही. आज आत्ता कळतंय त्यांना."

राघो बघत राहिला. एकीकडून दुसरीकडे. मग तो खाली बसला, ओल्या पोत्यावरच. "मीच बोल्लो होतो मनोजला," तो म्हणाला. "सकाली गेली ती. चूल पेटवता पेटवता. तुमच्याकडं मांडव घातलेला, हलद कुटायला घेतलेली. मी बोल्लो, आक्काला आता सांगू नको, ती उठंल, मांडव मोडंल. पोरीची हलद मोडू नये. पन मांडव उतरला की सांग बोल्लो. दोन दिसांनी सांग बोल्लो! मला काय म्हाईत, ह्यानं सांगितलंच न्हाय म्हनून?" त्याने डोळे पुसले नाहीत. "लुगडं मात्र चांगलं आनलं त्यानं. हिरवं. बायका बोलल्या, म्हायेर असावं तर असं."

भिंतीवर फोटो होता. प्लास्टिकचा हार, त्यावर पावसाळी ओल. फोटोतली चंद्रा कोणाच्या तरी लग्नातली होती, तोंड किंचित उघडं, ओळ झेलायच्या बेतात असावी तशी. खाली पांढऱ्या पट्टीवर छापलेली अक्षरं. ठमाबाई जवळ गेली. घरात तिला कोणी घाई करणार नव्हतं. अक्षरं तिची होती, ओळखीची, आणि पळत नव्हती. ती एकेक करून वाचू लागली आणि तिचे ओठ हलू लागले. नाव झालं. मग आकडे. आकडे वाचून झाल्यावर तिने पुन्हा पहिल्यापासून वाचलं, कारण पहिल्या वाचनावर तिने कधी विश्वास ठेवला नव्हता. दुसऱ्यांदाही तीच तारीख आली. लग्नपत्रिकेवरची, ती पत्रिका तिने स्वतः अख्ख्या गावाला वाचून दाखवली होती. हळदी समारंभ. त्या तारखेला सकाळी नऊ वाजता ती पाटावर बसली होती. देवांना बोलावलं होतं. पितरांना, नावं घेऊन घेऊन, मांडवात बोलावलं होतं. आणि दुपारी ठमाबाईने, चंद्रा का नाही आली असं एका बाईने विचारल्यावर, मोठ्याने सांगितलं होतं, "तिला पाय न्हवते का? मेली का काय?" आणि बाया खाली बघायला लागल्या होत्या. सगळ्यांना माहीत होतं. मांडवात एकटी तीच होती जिला माहीत नव्हतं, आणि बोलत एकटी तीच होती.

दारात मनोज येऊन उभा राहिला होता, नखशिखांत भिजलेला. मागे गल्लीच्या तोंडाशी गाडीचे दिवे दिसत होते. "आय, मी रोज सकाली ठरवायचो. आज सांगतो, आज सांगतो. तू रोज तिला शिव्या देत उठायचीस. कसं सांगू? आज पन किल्ल्यात सांगनार होतो."

"हातात मीठ घेऊन शिकलेय मी," ठमाबाई म्हणाली. तिचा आवाज शांत नव्हता. तो इतका वर गेला की शेजारच्या दारातून एक पोर डोकावलं. "एक नेम होता माझा. एक! तुमी सगल्यांनी मिलून तो माज्या तोंडातून मोडलात. ती आत मढं होऊन पडलेली आनि मी तिला दारात कोन उभं म्हनून विचारीत होते! पोरीची हलद वाचली? वाचली ना? मग आता माजं काय वाचलं ते सांग. सांग!"

मनोज पुढे झाला. "खबरदार, हात लावलास तर," ती म्हणाली, आणि तो जिथे होता तिथे थांबला. मग ती तुळजाकडे वळली. तिला काहीतरी बोलायचं होतं, लुगड्याबद्दल, अडीच महिन्यांबद्दल. ते आलं नाही. तिने सुनेच्या हातातली छत्री घेतली, मिटवली, आणि भिंतीला टेकवून ठेवली. तुळजाला ते पुरलं असावं, कारण ती तिथेच खाली बसून रडू लागली. ठमाबाई रडली नाही. तिने पिशवी सोडून वही बाहेर काढली. दोन प्लास्टिकांत गुंडाळलेली, इतक्या पावसातून आलेली वही पूर्ण कोरडी होती, आणि त्या कोरडेपणाचाच तिला असा संताप आला की ती उंबऱ्यावरच्या पाण्यात भिरकावून द्यावी. दिली नाही. राघोकडे पेन मागितलं. त्याने मिठागराच्या हजेरीचं पेन्सिलचं थोटूक दिलं. पहिल्या पानावर तिची ओळ होती, दारी कोन गो उभं, आणि खाली नऊ वर्षं कोरी राहिलेली जागा. चंद्राची ओळ तिला पाठ होती. आयुष्यभर कानाशी ऐकलेली. ती तिने लिहिली नाही. भिंतीकडे बघून, एकेक अक्षर उतरवून, तिने त्या जागी दुसरंच लिहिलं.

परतताना ती टवेरात बसली नाही. तुळजाला घेऊन एसटीने भिवंडीला आली. त्यानंतर ती कोणाच्या मांडवात पाटावर बसली नाही. वहीत चंद्राच्या ओळीच्या जागी एवढंच राहिलं:

चंद्राबाई राघो तरे, ठमाबाई भोईर हिची धाकटी बहीण, शनिवार दिनांक ५ मे २००७ रोजी सकाळी, वसई येथे राहत्या घरी वारली.